ताडीवाला रोडचा पोरगा

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास, "एमसी स्टॅन म्हणजे तो बिग बॉस जिंकलेला रॅपर ना? पुण्याचं नाव सांगायला आता तोच उरला का?" मी विषय बदलला, कारण याचं उत्तर मला घाईत द्यायचं नव्हतं. तू गाव सोडलंस तेव्हा आपल्याकडे रॅप म्हणजे गॅदरिंगमध्ये एमिनेमची नक्कल करणारा एखादा पोरगा. त्यानंतर काय काय घडलं ते तुझ्या कानावर तुकड्यातुकड्यांनी आलं असणार, आणि त्यातला सगळ्यात मोठा तुकडा टीव्हीचा.

तर टीव्हीचं आधी उरकून टाकतो. 12 फेब्रुवारी 2023 ला तो बिग बॉस 16 जिंकला. दुसरा आला शिव ठाकरे, म्हणजे शेवटी मंचावर उरले ते पुण्याचा एक आणि अमरावतीचा एक. त्या घरात स्टॅन बहुतेक वेळ गप्पच असायचा, आणि मला घरी जायचंय म्हणायचा. तरी लोकांनी मतं दिली. का दिली याचं उत्तर त्या कार्यक्रमात शोधून सापडणार नाही. ती मतं त्याने तीन-चार वर्षं आधीच कमावली होती, यूट्यूबवर, एकेका गाण्याने.

अल्ताफ शेख हे त्याचं खरं नाव. जन्म 1999 चा, घर ताडीवाला रोडला. स्टेशनला लागून असलेली ती वस्ती तुला आठवत असेल. आपण तिच्या कडेने कितीदा गेलो, आत कधी शिरलो नाही. एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला नदी, मधे एकाला एक चिकटलेली घरं. पुण्याबद्दल लिहिताना पेठा येतात, टेकड्या येतात, सवाई येतो. ताडीवाला रोड पेपरात यायचा तो पुराच्या नाही तर गुन्ह्याच्या बातमीत, आणि 2020 मध्ये कोरोनाच्या. त्याच 2020 साली या पोराचा पहिला अल्बम आला आणि त्याचं नाव 'तडीपार'. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली माणसाला दोन वर्षांपर्यंत हद्दीबाहेर काढता येतं, हे आपल्याला वाचून माहीत. अशा वस्त्यांत ते शेजारपाजारच्या बोलण्यात असतं. विशीतल्या पोराने तेच आपल्या अल्बमच्या कपाळावर लिहिलं. बीट, शब्द, गाणं, बहुतेक सगळं त्याने स्वतः केलं. मला त्याचं सगळ्यात मोठं काम आजही हेच वाटतं. बिग बॉसचा चषक यापुढे काहीच नाही.

हे मोठं का, ते कळायला तेव्हाची मुंबई डोळ्यांपुढे आणावी लागेल. 2014 मध्ये कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने आयपॅडवर 'आफत' हे गाणं केलं. पुढच्या वर्षी तो आणि अंधेरीचा डिव्हाइन यांचं 'मेरे गली में' आलं. धारावीत पोरांच्या टोळ्याच तयार झाल्या, त्यांत तमिळमध्ये रॅप करणारेही होते. 2019 च्या फेब्रुवारीत याच पोरांवरचा 'गली बॉय' सिनेमा लागला, पुढच्या वर्षी त्याला तेरा फिल्मफेअर मिळाले, आणि देशाने ठरवून टाकलं की गल्लीतलं रॅप म्हणजे मुंबई. त्या रॅपची एक ठरलेली चालही होती: ताठ उभं राहून, छाती काढून, शब्द स्पष्ट फेकायचे. पुण्याचा पोरगा आला तो ट्रॅप नावाचा रॅपचा वेगळाच प्रकार घेऊन. खाली खोल बेस, वर हाय-हॅट झांजांची तडतड, आवाजावर ऑटोट्यून (सूर यंत्राने जुळवायची सोय), आणि शब्द अर्धे गिळलेले, अर्धे गायलेले. मुंबईच्या पोरांनी नाकं मुरडली. मुंबईचा रॅपर एमिवे याच्याशी त्याची गाण्यांतून जुंपली, 'खुजा मत' हे गाणं त्यातूनच आलं. पण मुंबईचा शिक्का मिळावा म्हणून त्याने आपली चाल बदलली नाही. भाषाही तीच ठेवली, स्टेशनच्या रिक्षा स्टँडवर ऐकू येते ती हिंदी: निम्मी मराठी, थोडी दखनी, शिव्यांसकट. दिल्लीतली पोरं ती भाषा पाठ करून म्हणायला लागली.

आता कानाची गोष्ट. बाराव्या वर्षापासून तो कव्वाली गायचा, हे त्याने मुलाखतींत सांगितलंय. ते कळल्यावर मी त्याची गाणी पुन्हा नीट ऐकली. एकच ओळ तो परत परत घेतो, दर वेळी जरा वेगळ्या जागी सोडतो, मधेच सूर वर नेऊन तिथे थांबतो. हे अमेरिकेहून आलेलं नाही. ज्याने लहानपणी गर्दीपुढे बसून ओळ घोळवलीय, त्यालाच ती कुठे सोडायची ते कळतं. ऑटोट्यूनमुळे लोकांना वाटतं की याला गाता येत नाही. मला तर ऑटोट्यूनच्या खालीही तो कव्वाल ऐकू येतो.

तुझा खरा आक्षेप मला माहितेय. शिव्या, आणि बायकांबद्दलचं बोलणं. त्याचं 'वाटा' हे गाणं मी माझ्या बहिणीसमोर लावणार नाही, आणि त्यातलं बरंचसं मला पटत नाही. ते वस्तीचं वास्तव आहे म्हणून मी झाकूनही टाकणार नाही. वस्तीतल्या बायकांनाही ते ऐकावं लागतं. पण त्याच पोराने पुढे 'अस्तगफिरुल्लाह' हे गाणं केलं. त्यात तो आपल्या चुकांची कबुली देतो, वरच्याकडे माफी मागतो, घरची ओढाताण सांगतो, आणि कुठेही आवाज चढवत नाही. आपल्या पिढीतल्या किती पुरुषांनी इतकं उघड्यावर स्वतःबद्दल बोललेलं तुला आठवतंय? मला फार थोडे आठवतात.

आणि ते ऐंशी हजारांचे बूट. आपल्या बुटांची ही किंमत त्याने स्वतःच सांगितली, आणि त्यावरून त्याची खूप टिंगल झाली. पण ज्याच्या घरी प्रत्येक वस्तूची किंमत आधी विचारली जाते, तो बुटांची किंमतही सांगणारच. ज्यांना कधी हिशोब सांगावा लागला नाही, त्यांनाच ते हलकं वाटतं.

लोक हल्ली लगेच म्हणतात की रॅप म्हणजे आजचा पोवाडा, आजची शाहिरी. स्टॅनच्या बाबतीत मला हे पटत नाही. शाहीर लोकांचं गाऱ्हाणं मांडतो. हा स्वतःचंच मांडतो, आणि त्यातून वस्ती दिसते ती ओघाने. शाहिरीच्या जवळचं काम बघायचं तर मुंबईच्या स्वदेसी या गटाचं बघ. 2019 साली त्यांनी प्रकाश भोईर यांच्यासोबत आरेच्या जंगलावर 'द वारली रिव्होल्ट' केलं. ते ऐकताना अंगावर काटा येतो. त्यांच्यातला एमसी तोडफोड 2022 च्या मार्चमध्ये गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. गुजरातीत रॅप करायचा. त्याचं जाणं मला अजून लागतं.

इकडे मराठीतही आता जोर आहे. अमरावतीचा 100RBH म्हणजे सौरभ अभ्यंकर, पुण्याचा संबाटा, आणि अजून नाव न झालेली कितीतरी पोरं. 2016 मध्ये जिओ आलं, डेटा फुकटात मिळाला, आणि पोरांच्या हातात स्टुडिओच आला म्हण ना. यूट्यूबवरून बीट उतरवायची, फोनवर रेकॉर्ड करायचं, आवाज घुमू नये म्हणून कपड्यांच्या कपाटात तोंड घालून गायचं. आमच्या गल्लीतली दोघं-तिघं असंच करतात. रात्री अकरानंतर, कारण तेव्हा कुठे टीव्ही बंद होतो. मी जाऊन बसतो कधीकधी. एकजण ओळ म्हणतो, दुसरा म्हणतो, "नाय बसली, परत घे." तासन्‌तास हेच. रियाज याहून वेगळा काय असतो, सांग मला. या पोरांना स्टॅनसारखं गायचंच आहे असं नाही, बरेच तर त्याला नावं ठेवतात. पण आपल्या पत्त्याची आणि आपल्या बोलीची लाज न धरता गाता येतं, हे त्यांनी त्याच्याकडे बघूनच शिकलंय. म्हणून पुण्याचं नाव सांगताना मी त्याचं नाव घेतो, आणि भीमसेनजींच्या गावात ते घ्यायला मला जराही संकोच वाटत नाही.

आता एक कर. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नकोस, त्यात बेस मरतो. हेडफोन लाव, आधी 'अस्तगफिरुल्लाह' ऐक, मग 'तडीपार' सुरुवातीपासून. 'वाटा' सगळ्यात शेवटी, आणि नाही ऐकलंस तरी चालेल. मग मला लिही. आवडलं नाही तर का नाही तेही लिही, पण गाण्याबद्दल लिही, बिग बॉसबद्दल नको. दिवाळीला येशील तेव्हा तुला या पोरांकडे घेऊन जातो. मी त्यांना सांगून ठेवलंय.

वहिनींना नमस्कार, पिल्लाला पापा.

तुझाच,
जुना बाकमित्र