बंड्या, आंबा नको, आगळ घे

वेंगुर्ले, मे अखेर

प्रिय बंड्या,

तुझं पत्र आलं तेव्हा खळ्यात रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसलो होतो. हात अजून लाल आहेत, कागदावर डाग दिसला तर घाबरू नकोस. पाऊस कधीही येईल, आणि एकदा पाणी लागलं की रतांब्याचं मातेरं होतं. म्हणून घरातली सगळी कामाला जुंपली आहेत.

तर तुमच्या ब्रुअरीची पुढची बिअर गिऱ्हाइकं ठरवणार, आणि तू त्यासाठी मतदान घेणार. अरे, मतदानात आंबाच निवडून येणार! कोकणची बिअर म्हटल्यावर पुण्यातला माणूस दुसरं काय सुचवेल? आणि आंब्याचं पुढे काय होतं ते तुला मी सांगायचं का? रसातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, गोडवा जातो, मागे राहतो नुसता पुसट वास. एवढ्यासाठी हापूस नासायचा?

2012 साली अमेरिकेत सॅम्युएल अ‍ॅडम्स या बिअरवाल्यांनी फेसबुकवर हेच केलं होतं. रंग, माल्ट, हॉप्स, यीस्ट, एकेक गोष्ट लोकांनी निवडायची. त्यातून एक लाल एल, म्हणजे बिअरचाच एक प्रकार, निघाली. चांगली असेलही. पण पंगतीतल्या पन्नास जणांना विचारून आमटी केली तर ती कुणालाच झोंबत नाही, तसं काहीसं होत असावं. त्यापेक्षा कोपनहेगनची ती पोरं मला आवडतात. 2004-05 च्या सुमारास त्यांनी ग्वाराना, म्हणजे कॉफीसारखी तरतरी आणणारं एक बी, घालून बिअर केली आणि कृतीच खुली करून टाकली. कुणीही करा, विका, फक्त काही बदललंत तर तेही उघड सांगा. म्हणजे शेजारणीने शेजारणीला लोणच्याचं प्रमाण सांगावं तसं.

माझं ऐकशील तर बिअरचा प्रकार तूच ठरव. गोझे कर. गोस्लार गावची ती जर्मन बिअर, गव्हाची, आंबट, मीठ आणि धणे घातलेली. गेल्या वेळी तू पाजलीस तेव्हाच माझ्या तोंडून निघालं होतं, ‘ही तर नारळाशिवायची सोलकढी!’ तुझी सगळी टोळी हसली, पण मी थट्टा करत नव्हतो. आंबट आणि खारट एकाच बाटलीत हवं असेल तर आमच्याकडे आगळ, म्हणजे रतांब्याचा मीठ घातलेला रस, पिढ्यान् पिढ्या आहे. आंबवायला तू जे लॅक्टो नावाचे जंतू वापरतोस ते तरी काय, विरजणातल्या जंतूंचे भाऊबंदच.

आता हिशोब नीट ऐक. आमच्या आगळात लिटरमागे दीडशे ग्रॅमच्या आसपास मीठ पडतं. बिअरच्या लिटरला 20 मिली आगळ घातलंस की 3 ग्रॅम मीठ झालं. एवढं जिभेला कळतं. आणखी दुप्पट केलंस तर गिऱ्हाईक समुद्रात पडल्यासारखं तोंड करेल. पण 20 मिलीत कोकमाची चव पुरेशी येत नाही. म्हणून मिठापुरतं आगळ, आणि आंबटपणाला, रंगाला बिनमिठाची सोलं, म्हणजे रतांब्याच्या वाळवलेल्या साली. दुकानातलं अमृत कोकम चुकूनही आणू नकोस. तो साखरेचा पाक, त्याची नुसती दारू होईल.

लोकांना विचारायचं ते इथे. आंबलेली तयार बिअर तीन भांड्यांत ओत, एकात आगळ 10 मिली, दुसऱ्यात 15, तिसऱ्यात 20, प्रत्येकी लिटरला. भांड्यावर आकडे लिहू नकोस. कुठला आवडला एवढंच विचारू नकोस, दुसरा ग्लास कुठल्या भांड्यातून मागितला ते लिहून ठेव. पहिल्या घोटाला सगळेच शहाणे असतात.

आणि त्यात दोन-चार मालवणी माणसं बसव. ती भांडतील. एक म्हणेल ‘मीठ कमी’, दुसरा म्हणेल ‘ह्यात मिरची खंय आसा?’ भांडू दे. मिरचीचं मात्र मनावर घेऊ नकोस... किंवा घे, एखाद्या छोट्या पिंपात. मला स्वतःला ते चालेल.

आई विचारते, बंड्या आमच्या कोकमाची दारू करतो म्हणजे नक्की काय करतो? मी सांगितलं, विरजण लावतो. तेवढ्यावर ती गप्प बसली, आणि संध्याकाळी गेल्या वर्षीच्या आगळाच्या दोन बाटल्या काढून दिल्या. मुरलेलं आहे, जपून वापर. शुक्रवारी मामा पुण्याला येतायत, त्यांच्याकडे देतो. बूच जरा सैल आहे, तेव्हा स्टँडवर पांढरा शर्ट घालून येऊ नकोस.

तुझा,
बापू