शाळिग्रामाचा तास

वाई,
6 डिसेंबर

प्रिय मंदे,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. शिष्यवृत्तीचे जादा तास, त्यात गॅदरिंग, त्यामुळे उत्तर राहिलं. रागावली असशीलच. ‘जुना समुद्र घेऊन सगळे विषय शिकवलेस म्हणे, टिपण पाठव,’ असं लिहिलंयस. टिपण कसलं गं, ठरवून काही झालंच नाही. झालं ते सांगते, त्यातलं हवं ते घे.

तुळशीचं लग्न लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सहावीतला आमचा ओम्या हळदीचे डाग पडलेला रुमाल घेऊन माझ्या टेबलापाशी आला. रुमालात शाळिग्राम. आदल्या संध्याकाळी ज्याचं लग्न लागलं तोच नवरदेव, घरात कुणाला न सांगता उचलून आणलेला! लिंबाएवढा काळा दगड, एका बाजूनं फुटलेला, आत वेटोळं आणि त्या वेटोळ्यावर कंगव्याच्या दात्यांसारख्या बारीक रेघा. “बाई, हे चक्र कुणी कोरलं?” चाळीस पोरं टेबलाभोवती. गणिताचा तास होता.

मी खरं ते सांगितलं. कुणी कोरलं नाही. माकूळ नावाच्या बऱ्याच हातांच्या समुद्री प्राण्याच्या लांबच्या नात्यातला, पण कवचात राहणारा एक प्राणी होता, अमोनाइट. तो मेला, चिखलात गाडला गेला, चिखलाचा दगड झाला. हे दगड नेपाळात काली गंडकीच्या पात्रात सापडतात. लगेच प्रश्न आला, “बाई, नेपाळला समुद्र कुठंय?” नकाशा खाली ओढला. जिथं हिमालय उभा आहे तिथं टेथिस नावाचा समुद्र होता, दक्षिणेकडून भारताचा तुकडा सरकत येऊन आशियाला धडकला आणि तळाचा गाळ वर उचलला गेला. एव्हरेस्टच्या माथ्यावरच्या चुनखडीतसुद्धा समुद्री जिवांचे अवशेष आहेत, हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, “म्हणजे समुद्रच डोंगरावर चढला.” भूगोलाचं पुस्तक मी उघडलं नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत ओम्याची आजी आली. मला घाम फुटला. सोवळ्यातला देव चाळीस हातांतून फिरला होता. मी माफी मागितली. आजींनी नातवाच्या पाठीत एक धपाटा घातला, दगड पदरात घेतला आणि मला विचारलं, “किती वर्षांचा म्हणालात?” पंधरा कोटींच्या आसपास, म्हटलं. “मग देवच की,” म्हणाल्या आणि गेल्या. देव की प्राणी हा वाद मी वर्गात काढला नाही, काढणारही नाही. इंग्लंडात व्हिटबीच्या लोकांना याच वेटोळ्यात दगड झालेले साप दिसले. त्यांची संत हिल्डा, तिनं म्हणे सापांचे दगड केले. डोकं दिसेना, म्हणून विकणारे ते कोरून बसवायचे! आपल्याला चक्र दिसलं. हे सांगितल्यावर पोरं खूश.

पंधरा कोटी म्हणजे किती, हे मात्र कुणालाच कळलं नव्हतं. मग सुतळीचा गुंडा आणला. एक सेंटिमीटर म्हणजे दहा लाख वर्षं. शाळिग्राम दीड मीटरवर. ट्रायलोबाइट, म्हणजे खेकड्यांच्या लांबच्या नात्यातले कवचवाले प्राणी, समुद्राच्या तळाशी फिरत होते तो काळ सव्वापाच मीटरवर. पृथ्वीचा जन्म 46 मीटरवर, म्हणजे व्हरांडा संपला, मैदान संपलं, सुतळी फाटकाबाहेर पानाच्या टपरीपर्यंत गेली. आणि माणूस? तीन लाख वर्षं म्हणजे तीन मिलिमीटर. गाठ मारायलाच त्याहून जास्त सुतळी लागली. शून्यं मोजून जे वर्षभर समजलं नव्हतं ते त्या गाठीपाशी समजलं.

दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग कृष्णेच्या घाटावरून दगड घेऊन आला. कुणाला शिंपला दिसत होता, कुणाला मासा. एकातही काही नव्हतं, हिरमुसली सगळी. आपला काळा कातळ लाव्हाचा, त्यात समुद्री जीव कुठून येणार? पण लाव्हा कधी वाहिला ते सुतळीवर मांडायला सांगितलं, तर 66 सेंटिमीटरच्या आसपास. आणि अमोनाइट संपले कधी? तेही 66 वर! मेक्सिकोत अशनी आदळला, डायनोसॉर गेले, अमोनाइट गेले, आणि त्याच सुमाराला आपला सह्याद्री थरावर थर चढवत होता. मलाही ते तोवर असं शेजारी शेजारी दिसलं नव्हतं.

सगळ्यात रंगला तो प्रवाळाचा तास. प्रवाळ रोज बारीकशी रेघ वाढवतं, आणि वर्षाचा पट्टा वेगळा ओळखू येतो. जॉन वेल्स या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1963 मध्ये डेव्होनियन काळातल्या, म्हणजे सुतळीवर चार मीटरच्या थोड्या अलीकडच्या, प्रवाळावरच्या रेघा मोजल्या. वर्षाला सुमारे 400 भरल्या. मी एवढंच फळ्यावर लिहून खडू खाली ठेवला. वर्ष तेवढंच, दिवस 400, मग दिवस केवढा? 365 गुणिले 24, 8760 तास. भागिले 400. उत्तर 21.9. अर्ध्या वर्गानं लिहिलं ‘21 तास 9 मिनिटं’, दोघांनी ‘21 तास 90 मिनिटं’! दशांश अपूर्णांक मी जूनपासून घोकून घेतेय गं. पण त्या दिवशी त्यांना तो दिवस खरोखर हवा होता, म्हणून भांडून भांडून 54 मिनिटांवर आले. चंद्रामुळे भरती-ओहोटी होते, तिच्या घर्षणानं पृथ्वीची गिरकी हळूहळू मंदावते, हे विज्ञान मग दोन वाक्यांत उरकलं. “तेव्हा शाळा लवकर सुटली असती,” ओम्या म्हणाला.

मराठीला ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’ऐवजी ‘शाळिग्रामाचे आत्मवृत्त’ दिलं. एकीनं लिहिलंय, ‘मला समुद्र आठवतो, पण दर एकादशीला मला गोड्या पाण्यानं आंघोळ घालतात.’ त्या वाक्यापाशी मी लाल पेन खाली ठेवलं.

इतिहासाला मेरी अॅनिंग घेतली. इंग्लंडातल्या लाइम रेजिसची सुताराची मुलगी, बाप लहानपणीच गेलेला, कड्याखालचे जीवाश्म विकून घर चालवायची. 1811 मध्ये भावाला इक्थिओसॉर या जुन्या समुद्री प्राण्याची कवटी सापडली, बाकीचा सांगाडा हिनं पुढच्या वर्षी हुडकला. लंडनच्या भूशास्त्र संस्थेनं बायकांना सदस्यत्व दिलं 1919 साली, ही 1847 लाच गेली. मुली चिडल्या, मुलं गप्प बसली. इथं मी एक घोटाळाही केला, इक्थिओसॉरला ‘समुद्रातला डायनोसॉर’ म्हणून गेले. तो डायनोसॉर नव्हेच, वेगळा सरपटणारा प्राणी. दुसऱ्या दिवशी वर्गापुढं चूक कबूल केली.

फसलं तेही सांगते. संगीताला ‘अमोनाइट गीत’ बसवलं, ते ऐकवत नाही. कवायतीत ट्रायलोबाइटसारखं गुंडाळून घेणं शिकवलं, एकाची मान लचकली. वरून आलेल्या तक्त्यात प्रत्येक विषयाचा रकाना होता म्हणून हे दोन ओढून आणले. तू आणू नकोस, रकाना रिकामा राहू दे.

आणि तुझ्याकडं शाळिग्राम नसला म्हणून काय झालं? तू हर्णैच्या बंदराजवळ बसलीयस. माकुळाच्या पाठीतला तो पांढरा समुद्रफेन, पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात तो, मोडून भिंगाखाली धर. आत शेकडो बारीक कप्पे दिसतील. कप्प्यांत वायू आणि पाणी कमी-जास्त करून माकूळ वर-खाली होतं. अमोनाइटच्या कवचातही असेच कप्पे होते. म्हणजे जिवंत पुरावा रोज सकाळी तुझ्या लिलावात येतो.

मलाही चार-पाच पाठव. नीट वाळवून, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत. मागच्या वेळी सोडे पाठवलेस तेव्हा पोस्टमन आठवडाभर आमच्या दाराशी थांबत नव्हता.

तुझीच,
शुभा