आमदार आजारी पडले की चार्ज कुणाकडे असतो?

संपादक साहेब, नमस्कार,

मी कसबा पेठेत राहते, माहेर सासर दोन्ही इथलंच, आणि एका सरकारी ऑफिसात क्लार्क आहे. २०२१ मध्ये माझं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग केमो, मग रेडिएशन, आणि २०२२ च्या जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी परत कामावर रुजू झाले. तारखा एवढ्या पक्क्या लक्षात आहेत कारण त्याच आठवड्यात, १० जूनला, राज्यसभेचं मतदान होतं आणि आमच्या आमदार मुक्ताताई टिळक ॲम्ब्युलन्समधून मुंबईला मत द्यायला गेल्या. त्यांनाही कॅन्सरच होता. आमच्या ऑफिसात दुपारी डबा खाताना एकीच्या मोबाईलवर तो व्हिडिओ आला, सगळ्याजणी "बाप रे केवढी हिंमत" म्हणाल्या आणि मी मात्र डबा बंद केला, मला पुढे घास गेला नाही.

का गेला नाही ते सांगायला हे पत्र लिहितेय, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. कुठल्याही पक्षाच्या बाजूनं किंवा विरोधात लिहीत नाहीये हे आधीच सांगते.

मी जॉइन झाले तेव्हा काय काय करावं लागलं बघा. डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, त्यावर "हलकं काम द्यावं" असा शेरा, मग जॉइनिंग रिपोर्ट, मग रजा मंजुरीची फाईल, त्यातली किती मेडिकल किती हाफ पे त्याचा हिशोब. पगार चार महिने अडकला तो भाग सोडून देते. पण एक गोष्ट चांगली होती, मी रजेवर गेले त्या दिवशीच माझ्या टेबलाचा चार्ज लेखी दुसऱ्या बाईंकडे दिला होता आणि मी परत आले तेव्हा त्यांनी यादी करून तो मला परत दिला, कुठली फाईल कुठे, कुणाचं काय पेंडिंग. दहा महिन्यांत माझ्या टेबलावर आलेला एकही माणूस "मॅडम आजारी आहेत, नंतर या" असं ऐकून परत गेला नाही. मी एक साधी क्लार्क आहे, तरी एवढी व्यवस्था होती. आणि आमच्या कसब्यातच पावणेतीन लाखांच्या आसपास, एवढे मतदार ज्या एका माणसाच्या भरवशावर असतात तो आजारी पडला तर चार्ज कुणाकडे जातो? कुणाकडेच नाही. आमदाराचा चार्ज देता येईल अशी सोयच नाहीये.

आजारातून उठून कामावर येणं म्हणजे काय असतं हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं. माझ्या डाव्या काखेतल्या गाठी काढल्या, त्यामुळे त्या हातानं वजन उचलायचं नाही, त्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टासुद्धा नाही. मला आवक-जावकला बसवलं होतं, तळमजल्यावर, जिना नको म्हणून. आवकचं रजिस्टर केवढं जाड असतं तुम्ही पाहिलं असेल, कपाटातून काढून टेबलावर ठेवायचं तर दोन हात लागतात. आमचे शिपाई रोज सकाळी न सांगता ते काढून माझ्या उजव्या बाजूला उघडून ठेवायचे, आजच्या पानावर, मध्ये पट्टी घालून. साडेबारापर्यंत मी बरी असायचे, एक वाजला की समोरच्या पत्रावरची अक्षरं दिसायची पण डोक्यात शिरायची नाहीत, रोजच्या ओळखीच्या माणसाचं नाव आठवायचं नाही. साहेबांनी दोन महिने मला दीडला घरी सोडलं. तेवढ्या चार तासांत मी खरंच काम केलं, बिनचूक केलं. आणि खरं सांगू का, केमोनं जेवढं बरं केलं नसेल तेवढं मला त्या रजिस्टरनं केलं.

म्हणून मुक्ताताईंचं वाईट वाटतं. २००२ पासून नगरसेविका, मग पुण्याच्या महापौर, २०१९ ला आमदार, म्हणजे आयुष्य कामात गेलेली बाई. त्यांना रोज दोन तास, घरून, फोनवर, कॉम्प्युटरवर, जसं झेपेल तसं काम करायला मिळालं असतं तर त्यांनाही बरं वाटलं असतं असं मला मनापासून वाटतं. पण आपल्या सिस्टीममध्ये आजारी आमदाराला दोनच रस्ते आहेत. सभागृहात स्वतः हजर राहा नाहीतर गैरहजर. मधलं काही नाही. आणि हजेरी लागते कधी तर मताची बेरीज जुळवायची असते तेव्हा. १० जूनला राज्यसभा, २० जूनला विधान परिषद, दोन्ही वेळा त्या आणि चिंचवडचे आमदार लक्ष्मणभाऊ जगताप पुण्याहून मुंबईला गेले, दोघंही खूप आजारी. दुसऱ्या वेळेला तर त्यांची मतपत्रिका दुसऱ्या कुणी टाकली म्हणून काँग्रेसनं आक्षेप घेतला आणि मतमोजणी रखडली, आक्षेप पुढे फेटाळला गेला पण त्या माणसांना स्वतःच्या हातानं कागद पेटीत टाकता येत नव्हता हे सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिलं. त्या स्वतःच्या इच्छेनं गेल्या असणार, पक्षावरची निष्ठा खरी होती, याबद्दल माझ्या मनात अजिबात शंका नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की त्यांना बोलावणाऱ्यांनी मतासाठी ॲम्ब्युलन्स काढली तसं कामासाठी काय काढलं?

२२ डिसेंबर २०२२ ला मुक्ताताई गेल्या. ३ जानेवारी २०२३ ला लक्ष्मणभाऊ गेले. २६ फेब्रुवारीला पोटनिवडणूक. त्या महिन्यात आमच्या पेठांमधून जेवढे मंत्री आणि पुढारी फिरले तेवढे मी आख्ख्या आयुष्यात पाहिले नव्हते. आणि तेव्हाच गिरीश बापटांना प्रचारासाठी केसरीवाड्यात आणलं, व्हीलचेअरवर, नाकाला ऑक्सिजनची नळी, बोलताना धाप लागत होती. १९९५ पासून पाच वेळा आमचे आमदार होते ते, तेव्हा खासदार. माझे सासरे शाखेतले नाहीत की पक्षातले नाहीत पण बापट म्हटलं की घरातला माणूस, ते टीव्ही बघता बघता उठून आत गेले आणि म्हणाले "झोपू द्या रे त्याला". महिन्याभरानं, २९ मार्चला, बापटही गेले.

गोव्याचं तर सगळ्यांना माहीत आहे. माझी मावसबहीण म्हापशाला असते तिच्याशी तेव्हा रोज बोलणं व्हायचं. २०१८ मध्ये तिथले मुख्यमंत्री पर्रीकर उपचाराला अमेरिकेला गेले तेव्हा तीन मंत्र्यांची समिती नेमली, म्हणजे निदान नावापुरता चार्ज दिला. पण त्या तिघांतले एक फ्रान्सिस डिसोझा, म्हापशाचेच आमदार, ते स्वतःच नंतर आजारी पडले आणि तेही अमेरिकेला गेले. वीजमंत्री पांडुरंग मडकईकरांना स्ट्रोक आला. सप्टेंबरमध्ये डिसोझा आणि मडकईकर दोघांना मंत्रिमंडळातून काढलं. पर्रीकर परत आले, डिसेंबरात नाकात नळी घालून मांडवीवरच्या पुलाची पाहणी केली, ३० जानेवारी २०१९ ला तशाच अवस्थेत बजेट मांडलं. १७ मार्चला गेले. डिसोझा त्याच्या आधी महिनाभर. बहीण म्हणायची की पुलावरचे ते फोटो बघून आम्हाला अभिमान पण वाटतो आणि रडू पण येतं, दोन्ही एकदम. मला ते तेव्हा कळलं नव्हतं, केमोच्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

आणि उलटं पण होतं. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांचं मणक्याचं ऑपरेशन झालं, डिसेंबरचं अधिवेशन चुकलं, तेव्हा विरोधक रोज विचारायचे की चार्ज दुसऱ्याला का देत नाही. प्रश्न चुकीचा नव्हता. पण तो ज्या सुरात विचारला जातो ना, तो सुर आजारी माणसाच्या जिव्हारी लागतो, म्हणून मग प्रत्येक नेता आजार लपवतो. रुटीन चेकअप आहे, तब्येत ठणठणीत आहे, लवकरच सेवेत रुजू होतील. मतदाराला खरं काय ते कळतच नाही.

नियमात काय आहे तर घटनेच्या १९० व्या कलमाप्रमाणे सभागृहाच्या परवानगीशिवाय ६० दिवस सगळ्या बैठकांना गैरहजर राहिलं तर सभागृह जागा रिकामी झाल्याचं जाहीर करू शकतं. त्यात अधिवेशन संपल्यानंतरचे दिवस धरायचे नाहीत. आपली अधिवेशनं वर्षाला तीन, तीही थोड्या दिवसांची, म्हणजे ही वेळ सहसा येतच नाही आणि आजारी माणसाच्या बाबतीत येऊही नये. पण रजा मंजूर करण्यापलीकडे काही नाही. ब्रिटनच्या पार्लमेंटमध्ये आधी बाळंतपणासाठी आणि मग गंभीर आजारासाठीसुद्धा दुसऱ्या सदस्यामार्फत मत देता येतं. आपल्याकडे कोरोनात मंत्रिमंडळाच्या बैठका व्हिडिओ कॉन्फरन्सवर झाल्याच की. मग समितीच्या बैठकीला आजारी आमदार घरून बसले तर काय बिघडणार आहे? लक्षवेधी, तारांकित प्रश्न हे सगळं लिहूनच द्यायचं असतं ना.

पण मला सभागृहापेक्षा आमदारांच्या ऑफिसची काळजी जास्त आहे, कारण गरीब माणसाचा संबंध तिथेच येतो. माझ्या नात्यातल्या एक बाई आहेत, दुसऱ्या मतदारसंघातल्या, कुठला ते लिहीत नाही. नवऱ्याला धर्मादाय हॉस्पिटलमध्ये ॲडमिट करायचं होतं. १० टक्के बेड गरिबांना फुकट आणि १० टक्के सवलतीत हा नियम आहे, त्याला आमदाराचं पत्र लागत नाही असं सगळे सांगतात पण पत्र असलं की काउंटरवरचा आवाज बदलतो हे पण सगळ्यांना माहीत आहे. त्यांचे आमदार तेव्हा आजारी होते. बाई तीन दिवस त्या ऑफिसात गेल्या. पहिल्या दिवशी साहेब आराम करताहेत, दुसऱ्या दिवशी पीए हॉस्पिटलला गेलेत, तिसऱ्या दिवशी लेटरहेड आहे पण सही नाही. बाकड्यावर बसलेल्या, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, त्यात उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड, आणि मला फोनवर म्हणाल्या, "अगं त्यांना तरी काय बोलायचं, ते आमच्या ह्यांच्यासारखेच पडलेत". शेवटी शेजारच्या मतदारसंघातून कुणीतरी पत्र मिळवून दिलं.

म्हणून विधानसभेच्या अध्यक्षांना आणि सगळ्या पक्षांना माझी हात जोडून विनंती आहे. आमदार आजारी असतील तर त्यांना आजारी राहू द्या, बरं होऊ द्या, बरं होताना झेपेल तेवढं काम घरून करू द्या, कुठला आजार आहे ते आम्हाला सांगायची पण गरज नाही. फक्त तेवढे महिने सही कोण करणार, किती ते किती वाजेपर्यंत भेटणार, त्याचं नाव आणि फोन नंबर आमदारांच्या ऑफिसच्या दारावर लावा, मोठ्या अक्षरात, बाकड्यावरून वाचता येईल असं.

कसबा मतदारसंघातली एक मतदार,
पुणे