अ‍ॅलर्जी म्हणजे कमजोर प्रतिकारशक्ती नव्हे

महोदय,

शिंका, दमा किंवा अंगावर पित्त उठणे असा त्रास घरात कुणाला सुरू झाला, की ‘प्रतिकारशक्ती कमी पडली’ असा निष्कर्ष काढून ती वाढवणारी चूर्णे आणि सिरपे आणली जातात. हा समज दूर व्हायला हवा. अ‍ॅलर्जीत प्रतिकारशक्तीचे बळ कमी पडत नाही, तिच्यावरचा लगाम सुटलेला असतो.

तो लगाम धरणाऱ्या नियामक टी-पेशींवरील (टी-पेशी म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) संशोधनाबद्दल २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळाले. या पेशींसाठी आवश्यक असलेल्या फॉक्सपी३ जनुकात जन्मतःच मोठा दोष असलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच तीव्र इसब होतो, इतर गंभीर आजार जडतात आणि रक्तातले आयजीई बेसुमार वाढते. आयजीई हे अ‍ॅलर्जीचे प्रतिपिंड (अँटीबॉडी). टीएच२ आणि त्यांच्यासारख्या मदतनीस टी-पेशी इंटरल्युकिन-४ हे संदेश देणारे प्रथिन सोडतात, तेव्हा प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी आयजीई बनवू लागतात. मग ते त्वचा, श्वासमार्ग अशा ठिकाणच्या मास्ट पेशींना चिकटून बसते. तोच परागकण किंवा तोच अन्नघटक पुन्हा शरीरात आला, की या पेशी हिस्टामिन हे खाज-सूज आणणारे रसायन सोडतात आणि त्रास सुरू होतो. नियामक पेशी ही साखळी सुरुवातीलाच रोखतात.

लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागांचा अर्क थोडाथोडा टोचून उपचार केले होते. त्याने नेमके काय घडते, हे फार नंतर उलगडले. नियामक पेशी वाढतात आणि बी-पेशी आयजीजी४ हे वेगळे प्रतिपिंड बनवू लागतात. ते परागाला आयजीईपर्यंत पोहोचू देत नाही. आजची इम्युनोथेरपी हीच, आणि ती साधारण तीन ते पाच वर्षे घ्यावी लागते. लंडनच्याच २०१५ च्या एका अभ्यासात अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या ६४० बाळांपैकी निम्म्यांना लहानपणापासून नियमित शेंगदाणा दिला गेला. त्या गटात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. (अशा बाळांना डॉक्टरांना विचारूनच द्यावा, आणि अख्खा दाणा तर कधीच नको.)

रिपोर्टमधला एकूण आयजीईचा आकडा पाहून पालक धास्तावतात, पण तो जंतांमुळेही वाढतो. एवढ्यावरून मुलाचे दूध-अंडी बंद करू नयेत.

आपल्या आरोग्य पुरवणीत अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडून या विषयावर सविस्तर लिहून घ्यावे, ही विनंती. इम्युनोथेरपी कोणाला लागू पडते आणि ती अर्ध्यावर सोडली तर काय होते, हे रुग्णांना कळणे फार गरजेचे आहे.

– एक वाचक, नाशिक