पोक

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "आम्ही दिलेल्या शरीरात एवढं काय वाईट होतं गं... रे?" मी नुसतं हं हं केलं. तो "रे" ऐकून पुढचं काही सुचलंच नाही.

आठवीपासून तू पाठीवर थाप मारायचीस, "पोक काढून बसू नकोस!" अभ्यासाला, जेवताना, लग्नाच्या पंगतीत. मी आळसानं वाकत नव्हतो. छाती दिसू नये म्हणून वाकायचो. दप्तरसुद्धा पाठीला न लावता पोटाशी धरायचो. पुण्यात आल्यावर बाइंडर घेतला, म्हणजे छाती सपाट करणारं घट्ट बनियन. आठ तासांच्या वर घालू नये म्हणतात, मी चौदा तास घालायचो. बरगड्या ठणकायच्या, पण ताठ चालायला लागलो. तुला ते दिसलं असतं तर खूश झाली असतीस, कारण कळेपर्यंत तरी.

शरीर वाईट नव्हतं, आई. दादाच्या लग्नाचा अल्बम निघाला की तुम्ही सगळे आपापला फोटो शोधायचात, मी माझं पान पटकन उलटायचो.

बाबा, तुम्हाला कागद लागतो. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ ला सांगितलंय की आपलं लिंग ठरवायचा हक्क ज्याचा त्याला, शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत माझ्यासारखं असणं मानसिक विकारांत धरलेलं नाही. 'डोक्याच्या डॉक्टर'चा विषय तेवढा मिटवा.

टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, सुरू करून सव्वा वर्ष झालं. आवाज फुटला, हनुवटीखाली तुरळक दाढी आली. हिमोग्लोबिन फार चढू नये म्हणून दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात. उंची मात्र पाच फूट एक इंचच राहणार, आणि कंबरेची हाडंही तीच. शर्टाचं शेवटचं बटण अजून ओढतं. ऑफिसात चार पुरुषांत उभा राहिलो की खांद्याला खांदा मोजत बसतो. ती खोड इंजेक्शननं जात नाही. डॉक्टरांनी बजावलंय, घराण्यात टक्कल असेल तर तेही येईल. बाबा, बाकी काही नाही तरी एवढा वारसा पक्का!

गणपतीला येतो. (इतकी वर्षं "येते" म्हणावं लागू नये म्हणून "येणं होईल" म्हणायचो, कुणाच्या लक्षात आलं नाही.) बाबांचा निळ्या रेघांचा ढगळ शर्ट बोहारणीला देऊ नकोस, आई. मला हवाय.

तुमचा,
निनाद