ए.ए.च्या फोनवरच्या दादांना, मनापासून आभार

दादा,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमस (ए.ए.) म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी मीटिंगमधून एकमेकांना आधार देण्याची संघटना; तिथे नाव बाहेर जाऊ न देण्याची शिस्त आहे आणि आम्हीही ती पाळतो. पण वागळे इस्टेट, कळवा, ऐरोली या पट्ट्यातल्या कितीतरी घरांना तुमचा आधार आहे, म्हणून हे आभार चारचौघांत मानायचे आहेत. एरवी घरच्यांच्या हाती मीटिंगचा एक पत्ता पडतो आणि गोष्ट तिथेच थांबते. तुम्ही माणसाला मीटिंगमधल्या खुर्चीत बसवूनच सोडता.

सगळ्यात मोलाचा तुमचा पहिला प्रश्न: रोज किती घेतात आणि शेवटची कधी घेतली? मीटिंगचं नंतर. १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. रोज दोन-तीन क्वार्टर घेणाऱ्याने घरच्यांच्या शपथेखातर एकदम बंद केली, तर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भास होतात, माणूस अंथरुणावरचे नसलेले किडे वेचत बसतो. घरच्यांना वाटतं बाहेरचं काहीतरी लागलं, आणि नेमके हेच तास वाया जातात. म्हणून तुम्ही आधी डॉक्टरांकडे पाठवता, प्रमाण लपवू नका असं बजावता. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो की ठाण्याचं मनोरुग्णालय, तिथे कसं आणि कुणी जायचं हेही विचारून घेता. फिट आली, शुद्ध हरपली तर थेट १०८. औषध कुठलं, याबद्दल मात्र तुम्ही चकार शब्द काढत नाही; ते डॉक्टरांचं काम, असं स्पष्ट सांगता.

एका बाबतीत मात्र तुमचा आवाज चढतो, आणि तो चढायलाच हवा. भाजीत लपवून ‘दारू सोडायची गोळी’ देण्याबद्दल. ही गोळी, म्हणजे डायसल्फिराम, पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. जीवावरही बेतू शकतं. गोळी बंद केल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ज्याला द्यायची त्याला न सांगता ती देऊच नये.

मग ग्रुप. जवळचा म्हणजे योग्य असं नाही, हे तुमच्यामुळे अनेकांना कळलं. टीटीसीतल्या, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यात दुसरी पाळी करणाऱ्याला संध्याकाळची मीटिंग जमणारच नाही. कुणाला आपल्याच वस्तीत ओळखीचे चेहरे नको असतात. तो घणसोलीहून ठाण्याला खुशाल येईल. मीटिंग मराठीत, हिंदीत की इंग्रजीत, हेही बघावं लागतं. शिवाय ती ‘ओपन’ आहे का, कारण ‘क्लोज्ड’ मीटिंगला फक्त स्वतः दारू सोडू पाहणारेच बसतात, सोबत आलेल्या बायकोला किंवा भावाला बाहेर थांबावं लागतं. खोल्या बऱ्याचदा शाळेच्या नाहीतर चर्चच्या. सुट्ट्या लागल्या, परीक्षा आल्या की जागा बदलते आणि जुनी यादी हातात घेऊन आलेला माणूस बंद फाटकासमोर उभा राहतो. वॉचमनला काही माहीत नसतं. असा परतलेला माणूस वाटेत कुठे थांबेल, हे सांगायला नको. म्हणूनच तुम्ही त्याच दिवशी दुपारी फोन करून खात्री करता आणि स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी कुणालातरी उभं करता. नवीन येणारी बाई असेल तर बाईच फोन करते, बाईच भेटते.

आत काय होईल हेही तुम्ही आधीच सांगून ठेवता, त्यामुळे धास्ती निम्मी होते. हजेरी नाही, फी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच सभासदत्वाची अट. बोलायचं नसेल तर नुसतं ऐकायचं. एकाचं शेअरिंग, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगणं, चालू असताना दुसरा मध्ये बोलत नाही, सल्ले देत नाही. शेवटी पैशांची थैली फिरते. पहिल्यांदा आलेल्याने काही टाकलं नाही तरी चालतं. पहिली मीटिंग रुचली नाही तर दुसरा ग्रुप बघा, असं तुम्ही आवर्जून सांगता. निघताना दोन-तीन फोन नंबर घ्यायला लावता, कारण तलफ रात्री अकरालाही येते.

घरच्यांना अल-अनॉनची, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच्या मीटिंगची वाट दाखवलीत, हेही तुमचंच. नवरा अजून पीत असला तरी बायका तिथे जाऊ शकतात, हे बहुतेकींना माहीतच नसतं. ज्यांना मीटिंगला यायचंच नाही त्यांना तुम्ही १४४४६ हा नशामुक्तीचा आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर देता, रागावता नाही.

गटारीला स्लिप झालेल्यांना, म्हणजे सोडलेली दारू पुन्हा प्यालेल्यांना, तुम्ही दुसऱ्याच दिवशी पुन्हा बोलावता, ‘का प्यालास’ असं न विचारता. लाजेने घरी बसलेला माणूस त्या एका फोनमुळे परत येतो, हे आम्हाला दिसतं. त्यासाठी वेगळे आभार.

मीटिंगची यादी दर महिन्याला फोन करून ताजी ठेवायचं काम आता आम्ही अंगावर घेतलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत कुठल्या शाळांच्या खोल्या बंद राहणार, तेवढं मात्र आठवडाभर आधी कळवा.

आपल्या,
ठाणे-ऐरोली परिसरातल्या आरोग्य कार्यकर्त्या