असईची लढाई, ग्लासगोच्या चौकात

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबांनी विचारलं ना, की स्कॉटलंडचे लोक तर स्वतःच इंग्रजांच्या हाताखाली, मग आपल्याकडच्या राज्याशी त्यांचा काय संबंध? दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून म्हटलं रविवारी निवांत बसून लिहावं.

आधी ते हाताखालीचं. 1698 ते 1700 मध्ये या लोकांनी पनामात डेरिएनला स्वतःची वसाहत काढायचा प्रयत्न केला होता. ताप आणि उपासमारीने माणसं गेली, देशातला केवढातरी पैसा बुडाला आणि मग 1707 मध्ये त्यांच्या पार्लमेंटने इंग्लंडबरोबर एक व्हायचं ठरवलं. सामान्य लोकांना ते नको होतं, दंगेही झाले, पण व्यापाऱ्यांना इंग्रजांची सगळी बंदरं आणि वसाहती मोकळ्या झाल्या. त्यातून हे ग्लासगो शहर मोठं झालं. इथल्या मेन रस्त्यांची नावं बघा, व्हर्जिनिया स्ट्रीट, जमैका स्ट्रीट, आणि ब्युकॅनन, ग्लासफर्ड, इन्ग्रम ही सगळी तंबाखूच्या व्यापाऱ्यांची आडनावं. व्हर्जिनियात गुलाम राबायचे, तंबाखू इथे यायची, आणि इथून फ्रान्सपर्यंत विकली जायची.

त्यातलाच एक कनिंगहॅम, त्याने 1778 मध्ये बांधलेला वाडा आता मॉडर्न आर्टची गॅलरी आहे. गॅलरीसमोर घोड्यावर बसलेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन आहे, ज्याच्या डोक्यावर पोरं रात्री ट्रॅफिकचा कोन चढवून ठेवतात, त्याचा फोटो मी पाठवला होता आणि आई खूप हसली होती. पण बाबा, त्याच्या चौथऱ्याला ब्राँझचे पॅनल आहेत, एकावर वॉटर्लू आणि दुसऱ्यावर आपली असई! आपल्या जालन्यापासून दीड-दोन तासांवरची असई, तुम्ही आम्हाला स्कूटरवर दाखवायला नेली होती ती. हा वेलिंग्टन म्हणजेच तो आर्थर वेलस्ली, असईला मराठ्यांना हरवणारा. मी पॅनलवर हात फिरवून बघितला, घोडे, माणसं, सगळी चेंगराचेंगरी, ब्राँझ पार गार पडलेलं. शेजारी लोक कोनाबरोबर सेल्फी काढत होते, खाली कुणाचं लक्ष नव्हतं. मला तिथे फार भरून आलं.

23 सप्टेंबर 1803 ला केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर जे चालून आले त्यात कंपनीचे देशी शिपाई तर होतेच, पण पायदळाच्या गोऱ्या पलटणी होत्या त्या दोन्ही हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, 74 आणि 78 नंबरच्या. आपल्या तोफांनी एकट्या 74 ची चारशेच्या आसपास माणसं मेली नाहीतर जखमी झाली. आणि 78 नंबरची पलटण उभी केली होती सीफोर्थच्या मॅकेन्झी नावाच्या जमीनदाराने, ज्याच्या मालकीचं उत्तरेकडचं लुईस बेट होतं, त्यामुळे तिथल्या कुळांची पोरं त्यात भरती झाली. घरचा मुलगा पलटणीत दिला की जमीन टिकेल ही आशा असायची. आणि तो मालक असईच्या वेळेला कुठे होता, तर बार्बाडोसचा गव्हर्नर, शिवाय दक्षिण अमेरिकेत त्याचे गुलामांवर चालणारे मळे.

पुढचं ऐका. 1844 मध्ये सीफोर्थच्या वारसांकडून ते अख्खं बेट 1,90,000 पौंडांना विकत घेतलं जेम्स मॅथेसनने. जार्डिन मॅथेसन कंपनीतला मॅथेसन, चीनला अफू विकून गब्बर झालेला. त्यातली बरीच अफू माळव्यातली, शिंदे-होळकरांच्या मुलखातली, मुंबई बंदरातून जायची, आणि मुंबईत त्यांचे भागीदार होते जमशेटजी जीजीभाय, जे.जे. हॉस्पिटलवाले! बेटावर किल्ल्यासारखा बंगला उभा राहिला. तेवढ्यात बटाट्याचं पीक सडलं, दुष्काळ पडला, मॅथेसनने धान्य दिलं हे खरं, पण 1851 पासून थकबाकीदार कुळांना जहाजात बसवून कॅनडाला लावून दिलं, तिकीट मालकाचं आणि घरावर पाणी. ज्यांच्या घरातले लोक आपल्या मातीत लढायला आले त्यांच्याच नातवंडांना आपल्याकडच्या अफूच्या पैशाने गाव सोडायला लावलं, हे मला कळलं तेव्हा रात्री झोप लागली नाही.

इथले लोक हाकलून दिल्याची गोष्ट मनापासून सांगतात, त्याची गाणी आहेत, स्मारकं आहेत. राज्य करायला गेल्याची गोष्ट मात्र आत्ता आत्ता बोलायला लागलेत. इथल्या पुरुषांचे ते झगे, किल्ट म्हणतात ते, तो चौकड्यांचा कपडा, 1745-46 च्या हायलँडमधल्या बंडानंतर त्यावर बंदी होती, फक्त पलटणीत चालायचा, म्हणजे आज ज्याला आपण स्कॉटिश म्हणून ओळखतो ते रूप साम्राज्याच्या फौजेनेच जपलं. ग्लासगो युनिव्हर्सिटीने 2018 मध्ये स्वतःचा हिशोब काढून छापला, की गुलामीच्या पैशातून आपल्याला आजच्या किमतीत जवळजवळ 20 कोटी पौंडांपर्यंत फायदा झालेला असू शकतो. मला हे मोठ्या मनाचं वाटतं. वेळ लागला, पण केलं.

आणि काकांना सांगा, त्यांच्या आडतीवरच्या बारदानाचंही इथे गाव आहे, डंडी. बंगालचा ताग यायचा, तो कडक म्हणून व्हेल माशाच्या तेलात मऊ करायचे, गिरणीत बहुतेक बायकाच, त्यातल्या कितीतरी आयर्लंडच्या दुष्काळातून आलेल्या. मग डंडीचेच मॅनेजर कलकत्त्याला जाऊन हुगळीकाठी गिरण्या चालवायला लागले, तिथली मजुरी स्वस्त, डंडीचा धंदा हळूहळू बसला.

बाबा, कपाटात ते जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर आहे ना, त्यात असईबद्दल जे काय असेल त्या पानांचे फोटो काढून पाठवा, चष्मा लावून, नीट फोकस करून. आणि आई, तू गुडघ्याला तेल लावतेस की नुसतं हो हो म्हणतेस ते मला खरं सांग.

तुमची,
मनू